जमीन गहाण ठेवण्यापूर्वी : विमान क्षेत्रातील मानवी घटकांच्या अभ्यासाविषयी

पत्र : मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, पंचवीस वर्षांची मेकॅनिकल अभियंता आहे. बिरसीची धावपट्टी आमच्या बांध्यांपासून फार दूर नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून प्रशिक्षणाच्या लहान विमानांच्या फेऱ्या मोजणे हा आम्हा भावंडांचा खेळ होता. सध्या मी घरापासून दूर, एका मोठ्या शहरातील विमान देखभाल केंद्रात, नियोजन आणि नोंदींच्या विभागात दीड वर्षापासून करारावर काम करते. तेथे मानवी घटकांवरचे (ह्यूमन फॅक्टर्स), म्हणजे माणसाच्या चुका कमी करण्याच्या शास्त्राचे, दोन दिवसांचे अनिवार्य प्रशिक्षण झाले आणि आपल्याला हेच शिकायचे आहे, असे पहिल्यांदा वाटले. त्यानंतर महिन्याभरात रात्रपाळीतल्या एका तंत्रज्ञाचे काम अर्धवट राहिले आणि पुढच्या पाळीला ते पूर्ण झाल्यासारखे वाटले. पुढच्या तपासणीत ते लक्षात आले, म्हणून निभावले. त्याला लेखी ताकीद मिळाली आणि सगळे त्याला निष्काळजी म्हणाले. मी मात्र तो कागद पाहिला होता. अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद करायला त्यावर रकानाच नव्हता. मला इंग्लंडला जाऊन या विषयात एम.एस्सी. करायचे आहे. बाबा चार एकरांपैकी दोन एकर गहाण ठेवायला तयार आहेत. मोठे बाबा म्हणतात, हा विषय कोणी ऐकलेलासुद्धा नाही, त्यापेक्षा एमपीएससी कर. मी पायलट नाही, मानसशास्त्र शिकलेली नाही. इंग्रजी वाचते, पण बोलताना अडखळते. हा अभ्यास मला झेपेल का, कुठे करावा आणि परत आल्यावर काम मिळेल का? (नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांकडे येण्याआधी, जी गोष्ट तुम्ही ठरल्यासारखी लिहून टाकली आहे तिच्याविषयी लिहितो. दोन एकर जमीन गहाण ठेवू नका, निदान यंदा आणि पुढच्या वर्षी तरी नको. इंग्लंडमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाला शुल्क, व्हिसा, राहणे आणि जेवण मिळून तीस लाखांहून अधिक रुपये लागतात. दोन एकर धानाच्या जमिनीवर तेवढी रक्कम उभी राहणे अवघड आहे. उरलेली कर्जाने आणावी लागेल आणि पदवी हाती पडल्यावर थोड्याच महिन्यांत हप्ते सुरू होतील. या क्षेत्रात नोकऱ्या आहेत, पण त्या मोजक्या आहेत आणि बहुधा अनुभवी माणसाला मिळतात. अशा ठिकाणी डोक्यावर भार घेऊन उतरलेला माणूस मिळेल ते पहिले काम धरतो, आणि ज्यासाठी हे सारे केले तो विषयच मागे राहतो. शिवाय जमीन एकट्या तुमची नाही. तुमच्या भावंडांचा पत्रात उल्लेख आहे. त्यांना या व्यवहाराविषयी कोणी विचारले आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

तरीही तुम्ही हा अभ्यास करावा, असेच माझे मत आहे, आणि ते तुमच्या पत्रातील एका वाक्यामुळे झाले आहे. "रकानाच नव्हता" हे ते वाक्य. विमान देखभालीच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली, त्यांपैकी शेवटची काही सुरक्षा विभागात. आता सेवानिवृत्त होऊन आर्वी तालुक्यात गावी राहतो. एवढ्या वर्षांत ताकीद मिळालेल्या माणसाकडे बोट दाखवणारे शेकडो भेटले, त्याच्या हातातला कागद उलटून पाहणारे फार थोडे भेटले. जे तुम्ही दीड वर्षात, कोणी न शिकवता केले, तेच या विषयाचे मूळ काम आहे.

पत्रात एके ठिकाणी तुम्ही या विषयाला चुका कमी करण्याचे शास्त्र म्हटले आहे. ते खोटे नाही, पण त्या शब्दांत अडकून राहिलात तर अभ्यासाची दिशा चुकेल. या शास्त्राच्या आरंभीची एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ ही बॉम्बफेकी विमाने जमिनीवर उतरल्यावर वैमानिक चाके आत ओढून घेत आणि विमान पोटावर आदळे. अहवालांत वैमानिकाची चूक एवढेच लिहिले जाई. १९४३ मध्ये अल्फोन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिले, तर चाकांची आणि फ्लॅपची (पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या झडपांची) कळ एकाच आकाराची आणि एकमेकींच्या शेजारी होती. दमून परतलेला माणूस फ्लॅपची कळ म्हणून चाकांची कळ ओढत होता. चाकांच्या कळीला रबरी चाकाचा आणि फ्लॅपच्या कळीला पंखाच्या कडेसारखा आकार देणे हा त्यावरचा उपाय होता, आणि तो आजही विमानांत दिसतो. वैमानिक तेच राहिले, बोटांना काय लागते ते बदलले. त्यानंतर १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी नियंत्रणे हाताळताना झालेल्या ४६० चुकांचे अनुभव गोळा करून त्यांची वर्गवारी केली. या विषयाचा विद्यार्थी आजही तेथूनच सुरुवात करतो.

तुमचे काम देखभालीतले आहे, म्हणून एका दुसऱ्या घटनेवर जरा थांबतो. तिचा अहवाल तुम्ही मुळातून वाचावा, अशी माझी इच्छा आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॅप्टनसमोरची काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिनमधील कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले. विमानातील ८७ जणांपैकी कोणीही दगावले नाही, कॅप्टनदेखील वाचला. उड्डाणाच्या २७ तास आधी ती काच बदलण्यात आली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक होते आणि उरलेले सहा आखूड होते.

एवढेच वाचले, तर ताकीदपत्र लिहून विषय मिटतो. पण तपास करणाऱ्यांनी त्या रात्रीचा माग काढला. माणसे कमी होती, म्हणून पाळीच्या व्यवस्थापकाने काम स्वतःच अंगावर घेतले. वेळ पहाटे तीन ते पाचची होती. काढलेला जुना बोल्ट हातात घेऊन त्याने त्याच्याशी जुळणारे बोल्ट शोधले. तो जुना बोल्टच आधीच्या कोणीतरी बसवलेला, ठरलेल्यापेक्षा आखूड होता, तरीही काच चार वर्षे टिकली होती. भांडारात पुरेसे बोल्ट नव्हते. मग तो दूरच्या, अंधूक उजेडाच्या, कोणाची देखरेख नसलेल्या कप्प्यांकडे गेला आणि डोळ्यांच्या अंदाजाने बोल्ट घेऊन आला. जवळचे वाचण्याचा चष्मा त्याच्याजवळ नव्हता. उभे राहून काम करायचा फलाट अशा जागी होता, की त्याला वाकून, हात लांबवून काम करावे लागले आणि बोल्टांची डोकी खोलगट बसली आहेत, हे त्याला नीट दिसले नाही. काचेचे काम नियमांनुसार दुसऱ्याने तपासण्याच्या कामांत मोडत नव्हते. हा माणूस कामचुकार नव्हता. उलट कामाबद्दल त्याची प्रशंसा झालेली होती. विमान वेळेवर बाहेर काढणे हीच त्याच्या डोळ्यांपुढची जबाबदारी होती.

आता तुमचा रकाना याच्या शेजारी ठेवून पाहा. त्या तंत्रज्ञाला पाळी संपताना काय माहीत होते, त्याच्या हातात कोणता कागद होता, त्या कागदाने त्याला काय लिहू दिले, पुढच्या पाळीच्या माणसाने त्याला प्रत्यक्ष पाहिले की केवळ त्याची सही पाहिली? हे प्रश्न विचारणे म्हणजे त्याला माफ करणे नव्हे. समजा त्याच्या जागी तितकाच कुशल दुसरा माणूस, त्याच रात्री, त्याच कागदासह उभा केला असता, तर त्याच्याकडूनही हेच झाले असते का, असे विचारून पाहावे. उत्तर "हो" आले, तर ताकीद चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. उत्तर "नाही" आले, तर त्या माणसाशी निराळ्या तऱ्हेने बोलावे लागेल. न्याय्य सुरक्षा संस्कृती, ज्याला या क्षेत्रात जस्ट कल्चर म्हणतात, ती या दोन उत्तरांमधला फरक करते. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण कराराच्या परिशिष्ट १३ मध्येही अपघात तपासाचा हेतू दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही, असे स्पष्ट नमूद आहे.

माझीही एक गोष्ट सांगतो, कारण ती इतकी वर्षे माझ्यासोबत आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, पहाटे चारच्या सुमारास, मी एका विमानाच्या पोटाखालचे आच्छादन लावत होतो. चार स्क्रू हाताने फिरवून बसवले होते, अवजाराने घट्ट करायचे राहिले होते. तेवढ्यात दुसऱ्या विमानाच्या कामासाठी हाक आली. परतल्यावर स्क्रू जागेवर दिसले आणि मी सही केली. सकाळच्या पाळीतल्या एका मदतनिसाने ते पाहिले म्हणून बरे झाले. वरिष्ठांनी मला बोलावून पुन्हा असे नको, एवढेच सांगितले. मध्येच हाक का आली, अर्धवट सोडलेल्या जागी खूण करायला चिठ्ठी का नव्हती, हे कोणीच विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारले नाही. काही महिन्यांनी त्याच जागेवर, त्याच प्रकारे, दुसऱ्या सहकाऱ्याकडून तेच घडले. तेव्हा विचारले असते, तर त्या सहकाऱ्यावर ती वेळ आली नसती.

आता हा अभ्यास झेपेल का, याविषयी. पायलट असण्याची अट नाही. या विषयात मानसशास्त्र, अभियांत्रिकी, शरीरशास्त्र, डिझाइन आणि संख्याशास्त्र अशा निरनिराळ्या वाटांनी माणसे येतात, आणि देखभालीचे काम आतून पाहिलेली माणसे त्यांत कमी असतात. तुमचा कमकुवत भाग दुसराच असेल, असे मला वाटते. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र सूत्रांपुरते शिकवले जाते. येथे मात्र पन्नास माणसांच्या उत्तरांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे ठरवता यावे लागते. मुलाखत कशी घ्यावी, प्रश्नावलीत उत्तर कसे सुचवू नये, निरीक्षणाची नोंद आणि आपले मत वेगळे कसे ठेवावे, हेही शिकावे लागेल. पुढच्या वर्षभरात संख्याशास्त्र आणि संज्ञानात्मक मानसशास्त्र (लक्ष, स्मरण, विचार यांचे शास्त्र) यांचा एकेक पायाभूत अभ्यासक्रम स्वयम् या सरकारी शिक्षण मंचावर शोधा. खर्च जवळजवळ नाही, आणि विषय आवडतो की केवळ त्याची कल्पना आवडते, हेही त्यातून कळेल.

त्याबरोबर आपल्या देशातील दोन अहवाल वाचा. २२ मे २०१० रोजी मंगळूरला धावपट्टीपलीकडे दरीत कोसळलेल्या विमानातील १६६ जणांपैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टन प्रवासाचा बराच वेळ झोपला होता आणि जागा झाल्यावरही झोपेची गुंगी त्याच्या निर्णयावर होती, असे चौकशीत आढळले. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास सुचवले होते, ते मानले गेले नाही. दुसरा अहवाल ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड अपघाताचा. त्यातही पावसात, दुसऱ्या प्रयत्नात उतरताना कॉकपिटमधील वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर तपासाचा भाग झाले होते. कनिष्ठाने वरिष्ठाला कसे टोकावे, हे आपल्या घराघरांत, पंचायतीत आणि कार्यालयात शिकवले जात नाही. त्यामुळे या विषयावर काम करायला आपल्या समाजातला माणूस हवा, असे मला मनापासून वाटते.

या अभ्यासातून पुढे नियम कसे घडतात, याचे उदाहरणही ताजे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे सुधारित नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली, आणि रात्रीच्या कामात विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. अंमलबजावणीवरून पुढे बराच वाद झाला, ती टप्प्याटप्प्याने २०२५ मध्ये गेली. पण पहाटेच्या त्या वाढीव एका तासामागे झोपेविषयीचे अनेक दशकांचे संशोधन आहे. रात्री दोन ते सहा या वेळात शरीराची सावधता तळाला असते. तुमच्या त्या तंत्रज्ञाची पाळीही रात्रीचीच होती, आणि माझ्या चार स्क्रूंची वेळही हीच होती.

कुठे शिकावे, यावर माझे मत असे. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड विद्यापीठाचा विमान वाहतुकीतील सुरक्षितता आणि मानवी घटक यांवरचा एम.एस्सी. अभ्यासक्रम तुम्ही मनात धरला असणार, कारण विषयाचा शोध घेणारा प्रत्येक जण तेथे पोहोचतो. विद्यापीठाला स्वतःचा विमानतळ आहे आणि विमान क्षेत्राशी त्याचा संबंध जुना आहे. अमेरिकेत फ्लोरिडातील एम्ब्री-रिडल हे विमानविद्येसाठीच ओळखले जाणारे विद्यापीठ ह्यूमन फॅक्टर्समध्ये एम.एस. देते. इंग्लंडमधीलच नॉटिंगहॅम विद्यापीठात ह्यूमन फॅक्टर्स आणि अर्गोनॉमिक्स (काम माणसाला सोयीचे करण्याचे शास्त्र) हा अभ्यास विमानापुरता मर्यादित न राहता रेल्वे, रुग्णालये, कारखाने यांकडेही नेतो, आणि मला तो मोकळेपणा आवडतो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ आहे. अपघाताकडे पाहण्याची त्यांची दृष्टी तुमच्या स्वभावाला जवळची वाटेल, पण तो कामात मुरलेल्या माणसासाठी अधिक उपयोगाचा आहे, तेव्हा तो पुढच्या टप्प्यासाठी लक्षात ठेवा.

भारतात हा विषय बहुधा डिझाइन, औद्योगिक अभियांत्रिकी किंवा विमानवैद्यक यांच्या छत्राखाली शिकावा लागतो. बेंगळुरूची हवाई दलाची विमानवैद्यक संस्था या कामात फार पुढे आहे, पण तेथील पदव्युत्तर पदवी डॉक्टरांसाठी आहे. तुमच्यासाठी आयआयटी मुंबईचे आयडीसी हे डिझाइन विद्यालय, आयआयटी गुवाहाटीचा डिझाइन विभाग आणि आयआयटी खरगपूरचा औद्योगिक आणि प्रणाली अभियांत्रिकी विभाग ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. पहिल्या दोहोंच्या एम.डेस.साठी (डिझाइनमधील पदव्युत्तर पदवीसाठी) सीड ही परीक्षा, तर एम.टेक.साठी गेट द्यावी लागते. गेटद्वारे एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळते. देशातील निवडक संस्थांसाठीच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत कर्जाला तारण लागत नाही, म्हणजे सातबाऱ्याला हात लागत नाही. प्रबंधाचा विषय विमान देखभालीतला घ्यावा आणि तो मान्य करणारा मार्गदर्शक प्रवेशाआधी शोधावा. विभागाच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा ठरतो. तुमच्या जागी मी असतो, तर या वाटेला पहिली पसंती दिली असती आणि परदेशाचा अर्ज केवळ शिष्यवृत्तीच्या भरवशावर केला असता.

शिष्यवृत्त्यांविषयी एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण तिने अनेकांचे वर्ष वाया गेलेले पाहिले आहे. तुम्ही आपला प्रवर्ग लिहिलेला नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. इतर मागासवर्ग, भटक्या जमाती, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गासाठीही त्या त्या विभागांच्या योजना आहेत. यांत विद्यापीठ क्यूएस या संस्थेच्या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे, अशी अट घातलेली असते. क्रॅनफिल्ड केवळ पदव्युत्तर शिक्षण देते, त्यामुळे ते त्या सर्वसाधारण क्रमवारीत येतच नाही, जरी विषयवार क्रमवारीत त्याचे नाव असले तरी. म्हणून प्रवेशपत्र हातात घेऊन मग शिष्यवृत्तीची जाहिरात शोधू नका. आधी त्या वर्षीच्या जाहिरातीतील क्रमवारीची, वयाची आणि उत्पन्नाची अट वाचा, मग विद्यापीठ निवडा. नॉटिंगहॅमसारखे विद्यापीठ येथे अधिक सोयीचे ठरू शकते. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला किमान २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याचे बंधन असते. तुम्हाला आणखी काही महिने नोकरी करायला मी सांगतो आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. कराराची पत्रे, वेतनाच्या पावत्या आणि अनुभवाचा दाखला आतापासून एका फाइलमध्ये जपून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला रोवणीच्या हंगामात बाबांना किती खेपा माराव्या लागतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे; तो आधीच काढून घ्या.

परत आल्यावर काम मिळेल का? "मानवी घटक तज्ज्ञ" अशा पाटीची जागा आपल्याकडे क्वचितच जाहिरातीत दिसते. काम दुसऱ्या नावांनी असते : विमान कंपनीचा सुरक्षा विभाग, देखभाल केंद्राचा गुणवत्ता विभाग, वैमानिक आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, विमानतळाची सुरक्षा व्यवस्थापन यंत्रणा, बेंगळुरूमधील विमान रचनेच्या संस्था. २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात तपास विभाग आहे, नियामक महासंचालनालय आहे. तेथील जागा थोड्या आणि भरती अनियमित आहे. हवाई वाहतूक नियंत्रकाची वाटही डोळ्यांआड करू नका. विमानतळ प्राधिकरणाच्या त्या परीक्षेला अभियांत्रिकीचे पदवीधर बसतात, आणि नियंत्रकाच्या खुर्चीत काही वर्षे बसलेल्या माणसाने मानवी घटकांचा अभ्यास केला, तर त्याच्या शब्दाला निराळे वजन येते. मोठ्या बाबांची काळजी स्थिर नोकरीची आहे आणि ती रास्त आहे; एमपीएससीऐवजी ही परीक्षा त्यांना पटण्याजोगी वाटेल.

इंग्रजीविषयी तुम्ही जेवढी भीती लिहिली आहे, तेवढी मला वाटत नाही. अहवाल वाचता येतो, हे अर्धे काम झाले. उरलेल्यासाठी रोज एका घटनेचा सारांश पाच मिनिटे मोठ्याने सांगा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. परदेशी प्रवेशासाठीच्या आयईएलटीएस या इंग्रजी चाचणीच्या तोंडी परीक्षेची तयारी यातूनच होते.

मोठ्या बाबांना विषय समजावून सांगायचा असेल, तर विमानापासून सुरुवात करू नका. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. तेव्हा अनेकांनी ठपका ठेवला तो हातमोजे आणि तोंडावर मुखवटा न घालणाऱ्यांवर. पण भादव्यातल्या उकाड्यात ते सारे अंगावर चढवून दिवसभर पंप वाहणे शक्य आहे का, डब्यावरचे बारीक अक्षर शेतमजुराला वाचता येते का, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली की फवारा कोणाच्या तोंडावर येतो, दिवसाच्या मजुरीचा हिशेब कसा होतो, हे प्रश्न विचारले की मोठ्या बाबांना कळेल तुम्ही काय शिकणार आहात ते. आणि याचा उपयोग त्यांना पटवण्यापुरताच नाही. सुट्टीत घरी जाल, तेव्हा रात्रीची वीज येते त्या वेळी बाबा मोटारपंप सुरू करायला कसे जातात, ते त्यांच्याकडून सविस्तर ऐका आणि दोन पाने लिहा. त्यांनी काय करायला हवे होते, ते लिहू नका. प्रत्येक पावलावर त्यांना काय दिसत होते आणि काय ठाऊक होते, तेवढेच लिहा. हे लिहिणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे, आणि या अभ्यासातील मुलाखतीचे कौशल्य नेमके हेच आहे.

कामाच्या ठिकाणी पुढचे वर्ष वाया जाऊ देऊ नका. बोइंगने १९९० च्या दशकात देखभालीतील चुकांच्या चौकशीसाठी मेडा नावाची पद्धत तयार केली. तिचा नमुना-अर्ज पुष्कळ ठिकाणी वापरला जातो. तुमच्या गुणवत्ता विभागात तो वापरात आहे का, ते विचारा. असेल, तर एखाद्या चौकशीत नोंदी लिहिण्यापुरते तरी सामील करून घेण्याची विनंती करा. झालेल्या निर्णयावर टीका करत फिरू नका, तुम्ही करारावर आहात आणि तुमची नोकरी या साऱ्या बेताचा पाया आहे. त्या तंत्रज्ञाशी मात्र बोला. तो तयार असेल, तर त्याची रात्र त्याच्याकडून समजून घ्या, त्याचे नाव कुठेही लिहू नका, आणि मग आपल्या वरिष्ठांकडे तक्रार न नेता एक सूचना घेऊन जा : पाळीबदलाच्या कागदावर अर्धवट राहिलेल्या कामासाठी एक रकाना आणि दोन्ही पाळ्यांच्या माणसांनी समोरासमोर करायची सही. मान्य झाली, तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्या रकान्यात किती वेळा काही लिहिले गेले, ते मोजा. अमान्य झाली, तर कोणत्या कारणाने झाली, ते टिपून ठेवा.

अर्जासोबत जे उद्देशपत्र लागते, त्याचा पहिला परिच्छेद बिरसीच्या विमानांनी सुरू करू नका. आकाशाकडे पाहणाऱ्या बालपणाची पत्रे निवड समितीसमोर ढिगाने येतात. तुमचा पहिला परिच्छेद त्या कागदाचा असू द्या : पाळी संपत आली आहे, एक काम अर्धे राहिले आहे, तंत्रज्ञाच्या हातात पेन आहे आणि लिहायला जागा नाही. खर्डा तयार झाला, की या सदराकडे पाठवा. मी तो वाचून, दुरुस्त्यांसह परत पाठवीन.